तीन डब्यांचं माणूस

४ नोव्हेंबर

अंतून काकडी खात होता. मी त्याच्या मांडीत, आणि आम्ही दोघं दाताळ्याच्या फळीवर. पाठ ओढणाऱ्यांकडे, तोंड मागे. बाबा आणि तीन गडी दोर ओढत होते आणि आमच्या खालून हिरव्या साबणात सरळ रेघा उमटत चालल्या होत्या. शाळेच्या वहीत सिस्टर क्लेमांस आखायच्या तशा. नेहमीचा माणूस तापाने पडला होता, म्हणून बाबांनी आम्हा भावंडांना बसवलं. दोघं मिळून एका माणसाच्या वजनाचे भरलो होतो! वळणावर अंतूनच्या हातून काकडी निसटली आणि साबणात रुतली. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "ही वडी घरी वापरू."

एवढंच. त्यानंतर संध्याकाळी काय झालं, काय जेवलो, काही आठवत नाही. पण आज, इतक्या वर्षांनी, बाबांच्या साबण कारखान्याच्या मागच्या खोलीत, पडलेल्या छताच्या लाकडांखाली दाताळं सापडलं आणि मी तिथेच धुळीत बसून घेतलं. दात गंजलेत. फळी मात्र शाबूत, बसायच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली.

मुकादम अबू नाझीर मला सित्त म्हणतो, म्हणजे बाईसाहेब. म्हणाला, "सित्त ओडेट, रडायचं असेल तर बाजूला बसा. मला दात घासायचेत. दाताळ्याचे."

४ नोव्हेंबर, झोपण्याआधी

नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मनाला फाटे फुटणार नाहीत. अंतूनला कारखाना विकायचा आहे. दमास्कसचा एक गृहस्थ तिथे हॉटेल काढणार म्हणतो – कमानी त्याला फार आवडल्या. अंतून मॉन्ट्रियलहून फोनवर म्हणाला, "ओडेट, तू गेलीच आहेस तर एक घाणा काढून दाखव. साबण शिजला, कापला, रचला, तर मी सही करणार नाही. नाही जमलं तर तू कर."

माझं परतीचं तिकीट महिनाअखेरचं आहे. माझ्या लेकीने, रीटाने, लिऑनमध्ये माझ्या कुंड्यांना पाणी घालायचं कबूल केलंय, पण तेवढंच.

तेल आलंय. सोडा आलाय. लॉरेलच्या फळांचं वासाचं तेल डोंगरातून उद्या-परवा येईल. अबू नाझीर मुकादम आहे आणि दोर ओढायला त्याचे तीन पुतणे. नाही ते फक्त दाताळ्यावर बसायचं माणूस.

५ नोव्हेंबर

अबू नाझीरचा हट्ट – माणूस नाही तर आग नाही. काहील पेटवायची, तीन दिवस शिजवायचं, जमिनीवर ओतायचं, आणि मग कापायला कोणी नाही? ओतलेला साबण दोन दिवसांत कापावा लागतो. त्यानंतर त्याची फरशी होते. मग बसा त्यावर खुर्च्या मांडून. हॉटेलच काढा!

मी विचारलं, दगड का नाही ठेवायचा फळीवर? लिऑनला राहून मीही असं विचारायला लागले.

"दगड वळणावर झुकत नाही," तो म्हणाला. "साबण एका कडेला जाड, एका कडेला पातळ. माणूस बुडानं ओळखतं. दगडाला बूड आहे का?"

माणूस तीन डब्यांचं हवं. ऑलिव्ह तेलाचे तीन भरलेले डबे काट्याच्या एका पारड्यात, माणूस दुसऱ्यात. बाबांच्या वेळीही असंच. कमी असलं तर दात वरच्या वर ओरखडे काढतात, जास्त असलं तर खालचा कागद फाडून फरशीत रुततात.

मलाही चढवलं काट्यावर! साडेतीन. अबू नाझीरने पारड्याकडे बघून मान हलवली. "फ्रान्सने चांगलं पोसलंय तुम्हाला." शिवाय माझं खुब्याचं हाड धातूचं. फळीवर बसले तर उठवायला क्रेन लागेल.

कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याला सांगून आले – माणूस हवंय, अनुभव नको. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं असेल.

६ नोव्हेंबर

काय दिवस गेला! हसून हसून पोट दुखतंय.

आधी भट्टीवाल्याचा मेहुणा आला. पारडं धाडकन खाली. अबू नाझीर – "तुला दाताळ्यावर नाही, दाताळ्याला तुझ्यावर बसवायला हवं." मेहुणा हसला, चहा प्याला, भावाचं लग्न जमवता का विचारलं आणि गेला.

मग दोघं बारीक पोरगेलेसे बाप्ये, एकाच कोटात आळीपाळीने चढले. कोट एकच होता. अडीच, अडीच. या शहरात आता सगळे अडीच डब्यांचे झालेत. माझ्या आठवणीत इथली माणसं चांगली गोलमटोल होती, रविवारी जेवण झालं की बागेत पट्टे सैल करून बसायची.

एक मात्र अगदी तीन! टॅक्सी चालवतो. मी टाळी वाजवली. अंगणात मातीवर दाताळं ओढून बघितलं, तर अर्ध्या अंगणात पठ्ठ्या पांढराफटक. उडी मारून कोपऱ्यात गेला आणि सकाळचं सगळं बाहेर. वीस वर्षं पुढे बघत गाडी चालवलेला माणूस. उलटं बसवलं की ढवळतं.

७ नोव्हेंबर

कोणी नाही. लॉरेलचं तेल आलं. डबा उघडला आणि आईची उशी, शाळेचा रुमाल, सगळं एकदम नाकात.

८ नोव्हेंबर

आज एक बाई आली. विसाल नाव. वय तिशीच्या आत. डोकं नीट बांधलेलं, बुटांना दोरी. उत्तरेच्या निर्वासितांच्या तंबूंमधून उन्हाळ्यात परत आलीय, घर नाही, किल्ल्यामागच्या एका खोलीत राहते.

अबू नाझीर तिच्याशी बोललाच नाही. माझ्याशी बोलला, तिच्यादेखत. "सित्त, माझ्या आज्यापासून या फळीवर बाई बसलेली नाही."

मी म्हटलं, "मी बसले होते."

"तुम्ही अर्धं माणूस होता."

"मग आता एक अख्खी बसेल."

काट्यावर अडीच डबे. तो खूश झाला. "बघा." पण मी म्हटलं, अंगणात बसवून तर बघ. पुतण्यांनी दोर ओढला. विसाल हात मांडीवर ठेवून बसली, पाठ ताठ. शाळेत आम्ही डोक्यावर पुस्तक ठेवून चालायचो तशी. नळाजवळ जमीन उंच आहे तिथे ती कोणी न सांगता कणभर डावीकडे कलली आणि रेघ सरळच राहिली. अबू नाझीर रेघेपाशी उकिडवा बसून बघत राहिला.

"कुठं शिकलीस?"

"पाण्याच्या टँकरवर. मागे बसून यायचे, हंडे धरून. कलंडलं तर पाणी जायचं."

तो उठला. गुडघे झाडले. "वजन नाही," म्हणाला, पण आवाज उतरला होता. मग तिला विचारलं, "लेकुरवाळी आहेस? आधीच सांग. इथे कॉस्टिकची काहील आहे, पाळणाघर नाही. लेकरू असलेली बाई मी आत घेत नाही."

तिने क्षणभर खाली बघितलं. "घरी फक्त आम्ही दोघी. मी आणि आई," म्हणाली.

९ नोव्हेंबर

मला रात्रभर एकच विचार – अडीचची तीन करता येते की! शेजारच्या उम्म हागोपला सकाळी सांगितलं. ती आर्मेनियन, तिच्या हातचं खाऊन खांबही जाड होतील. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अर्धा डबा? एवढंच? माझ्या सुनेला मी एका उपासात एक डबा चढवला."

अबू नाझीरशी सौदा झाला. विसाल कामावर, आजपासून. कापणीच्या दिवशी काट्यावर तीन भरली तर फळीवर बसेल. त्याने डोळे मिटून आकाशाकडे तोंड केलं. "आणि नाही भरली तर?"

"तर मी सही करेन, तुझं हॉटेल होईल."

"माझं नाही, सित्त. मला तिथे कपही धुवायला ठेवणार नाहीत."

तेव्हा कळलं, त्यालाही माझ्याइतकीच भीती आहे.

१० नोव्हेंबर

विसालने किब्बे, खिम्याचे तळलेले गोळे, खाल्ले, सहा! उम्म हागोपने मोजले. शिवाय तेलातली भरली वांगी, अक्रोडाची चटणी, दही. काटा – अडीच.

"एका दिवसात कसं दिसेल," उम्म हागोप म्हणाली. "आधी हाडं पितात, मग मांस."

१२ नोव्हेंबर

अडीच. जेवण तर रोज ताटभर जातंय. मी बघत नाही – जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये हे आईने शिकवलं आणि सिस्टरनेही. ताट द्यायचं आणि पाठ फिरवायची. परत येतं ते लख्ख.

दुपारी सोड्याची पोती मोजत होते. भिंतीपलीकडे विसाल फोनवर बोलत होती. हळू, लाडात. "जेवलीस का, आई? नाही? थोडंसं खा ना, माझ्यासाठी. मी येतेच, आई. दार उघडू नकोस हं."

जीव गलबलला. म्हातारी घरी एकटी आहे, खायचे नखरे करते, दार उघडून बाहेर पडायची भीती. माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. आणि विसाल किती गोड बोलत होती तिच्याशी. मी इतकं गोड बोलले होते का? बोलले असेन.

१३ नोव्हेंबर

विसालजवळ आईसाठी मसुराचं सूप दिलं, अगदी पातळ, दात नसतील म्हणून. वर लोकरीची शाल, आणि बाबांची काठी कोपऱ्यात पडली होती ती. म्हटलं, "आईला सांग, ओडेट मावशीने दिलीय. चालायला आधार होईल."

विसालने काठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "देव तुमचे हात राखो, सित्त," एवढंच म्हणाली आणि काठी घेऊन गेली. बिचारी भारावून गेली असावी.

१४ नोव्हेंबर

काहील पेटली!!

अबू नाझीर म्हणाला, महिनाअखेर तुमचं विमान आहे, वजनाची वाट बघत बसलो तर तुम्ही वर आणि साबण खाली. म्हणून आजच. पुतण्यांनी तेल ओतलं. ज्वाळेचा आवाज ऐकला आणि भिंतींना जाग आली असं वाटलं. उम्म हागोप मेणबत्ती घेऊन आली, अबू नाझीरने फातिहा म्हटला, मी मरीयामातेची प्रार्थना. काहिलीच्या पोटात सगळं एकच शिजणार.

काटा – अडीच.

१६ नोव्हेंबर

उकळतंय. कपडे, केस, ही वही, सगळ्याला तेलाचा वास. अबू नाझीर काठीवर साबण घेऊन जिभेला लावतो, थुंकतो आणि म्हणतो, "अजून चावतोय."

अंतूनचा फोन आला. तिकडे पहाट होती. मी विचारलं, "अंतून, दाताळ्यावर बसलो होतो ते आठवतं? तुझी काकडी पडली होती."

"माझी? ओडेट, काकडी तुझी होती."

"माझी कशी? मी मागे बघत होते!"

"दोघंही मागेच बघत होतो," तो म्हणाला. मग, "बाकी काय? कापायला माणूस मिळालं?"

"मिळालंय. थोडं बारीक आहे."

१७ नोव्हेंबर

"आता चावत नाही," अबू नाझीर संध्याकाळी म्हणाला. लॉरेलचं तेल ओतलं. मग सगळ्यांनी मिळून साबण जमिनीवर सोडला. भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवा, वाफाळता, संथ. विसाल उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "एवढं सपाट मी कधी काही बघितलं नाही."

मग जरा थिजल्यावर पायांना फळ्या बांधून पुतणे त्यावरून चालले, पृष्ठभाग सारखा करत. मी इतकी हसत होते की उम्म हागोपने विचारलं, "तुला काय झालंय?"

१८ नोव्हेंबर

साबण निवतोय. अबू नाझीर कडेला नख लावून बघतो. "उद्या सकाळी. उद्या दुपारनंतर दाताळं फिरणार नाही."

मी विसालला आज दोनदा ताट दिलं. दुसरं ताट तिने नको म्हटलं नाही, पण कोटाआड घेऊन बाहेर गेली. मी पाठ फिरवली. शिकवण!

१९ नोव्हेंबर

आजच लिहिणार.

सकाळी विसाल उशिरा आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चेहरा उतरलेला, कोट गळ्यापर्यंत लावलेला. काट्यावर चढली. पारडं तीन डब्यांच्या बरोबरीला येईना. वर राहिलं, बोटभर, दोन बोटं. अडीच. नऊ दिवसांचे किब्बे कुठे गेले?

अबू नाझीर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. काट्याला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मुली, तू खातेस कुठे?"

उम्म हागोप म्हणाली, "मी जंताचं औषध आणते."

तेवढ्यात सोड्याच्या रिकाम्या पोत्यांमागून आवाज आला. काठी पडल्याचा. बाबांची काठी. तिच्यामागून शाल आली – माझी लोकरीची शाल, जमिनीवर लोळत – आणि शालीच्या आत एक मुलगी. तीन-साडेतीन वर्षांची, गाल किब्ब्यांसारखे टम्म. काठीचा घोडा केला होता.

"आई!" विसाल ओरडली. "आई, मी म्हटलं होतं ना हलायचं नाही!"

आणि मी तिथेच उभी, तोंड उघडं टाकून. आई! अगं, आमच्याकडे कोण आपल्या लेकराला आई म्हणत नाही? बाप मुलाला बाबा म्हणतो, आई मुलीला आई. मी स्वतः रीटाला जन्मापासून आई म्हणत आलेय, कालच फोनवर म्हटलं! आणि म्हातारीला सूप पाठवत होते, दात नाहीत म्हणून. उम्म हागोप भिंतीला धरून हसत होती. "ओडेट, तू काठी दिलीस! काठी!"

विसाल हसली नाही. मुलीला उचलून धरलं आणि एका दमात बोलली. "शेजारीण सांभाळायची, फोनही तिचाच. ती रात्री तापली. दार बंद करून एकटी ठेवायला भीती वाटली. मी खोटं बोलले नाही, घरी आम्ही दोघीच. पण खरंही बोलले नाही. ताट मी अर्धं खायचे, शपथ. ही वाढतेय, मी वाढून काय करू? जाते मी. शाल धुऊन पाठवते."

अबू नाझीर तिच्याकडे बघतच नव्हता. काट्याकडे बघत होता.

"खाली कशाला उतरतेस," तो म्हणाला.

विसाल अजून पारड्यातच उभी होती. कडेवर मुलगी. आणि समोरचे तीन डबे हळूहळू, हळूहळू वर आले. काटा मध्ये आला, थोडा पलीकडे झुकला, परत आला.

मला काकडीचा वास आला. खरंच आला.

"तीन," अबू नाझीर म्हणाला. "वर चमचाभर." मग माझ्याकडे न बघता – "काहील आज थंड आहे. आजच्यापुरतं चालेल. आजच्यापुरतं! उद्यापासून लेकरू या उंबऱ्याच्या आत दिसलं तर मी दमास्कसच्या माणसाला स्वतः चावी देईन."

"उद्यापासून माझ्या स्वयंपाकघरात," उम्म हागोप म्हणाली. "आणि बाईला ताट माझ्यासमोर. मी पाठ फिरवत नाही, मला कुठल्या सिस्टरने शिकवलेलं नाही."

विसाल फळीवर बसली. मुलगी – जुमान नाव – तिच्या मांडीत. पाठ पुढे, तोंड मागे. पुतण्यांनी दोर खांद्यावर घेतला. अबू नाझीर म्हणाला, "बिस्मिल्ला," आणि दाताळं सरकलं.

रेघा! एका वेळी कितीतरी, सगळ्या सरळ. कडेला साबण जाड होता तिथे विसाल कलली, आणि जुमानही तिच्याबरोबर कलली, आपसूक. आडव्या रेघा संपल्या, मग उभ्या. शेवटच्या वळणावर जुमानला राहवलं नाही. अनवाणी पाय फळीवरून खाली टेकवला आणि साबणात टाच उमटली. सगळे थबकले.

"ही वडी घरी वापरू," मी म्हटलं.

म्हणताना बाबांचा आवाज निघाला.

२० नोव्हेंबर

ठोकठोक, ठोकठोक. शिक्के मारणं चाललंय. प्रत्येक वडीवर आमचं नाव. विसाल वड्या रचायला शिकतेय, मध्ये फट ठेवून, वारा खेळेल असे मनोरे. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुकणार. बाहेरून सोनेरी, आतून हिरव्या. मला "मावशी" म्हणाली आज. सित्त विसरली.

अंतूनला फोटो पाठवला. उत्तर – "सही करत नाही." खाली – "काकडी तुझीच."

२२ नोव्हेंबर

उद्या रीटाला फोन. "आई, ऐक, आणि मध्ये बोलू नकोस." विसरायला नको म्हणून इथे लिहिते –

कुंड्या – तिसऱ्या मजल्यावरच्या मदाम पिंटोला. नीट पाणी घालते ती. निळा कोट तिच्या बहिणीला. शिवणयंत्र आणि माझा पलंग चर्चच्या बायकांना. चांगल्या कपबशा आणि आजीची जपमाळ – रीटा, तुला. घराची चावी मालकाला. परतीचं तिकीट कुणालाच नको.

इथे वरची खोली – विसाल आणि जुमानला. काठीसुद्धा जुमानची.

अंतूनला – टाचेची वडी, सुकली की. अंघोळीला घ्यायची नाही. आणि निरोप : काकडी तुझीच होती, येऊन भांड.